बुरशी औषधाला ‘सरावते’ म्हणावं का?

केळफूल:
लोकहो, शब्द अडलाय. पेशंटना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय, विषय कॅन्डिडा या बुरशीचं इन्फेक्शन, म्हणजे तोंडातला पांढरा थर, अंगावरून पांढरं जाणं, आणि आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात गेलं तर जिवावरच. त्यात फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला रेझिस्टन्स (म्हणजे औषध बुरशीवर चालेनासं होणं) आणि त्यामागचं म्युटेशन (बुरशीच्या जनुकातला बदल) असा भाग आहे. ‘प्रतिकारशक्ती’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार पेशंटचीच वाढली, बरंच झालं की! ‘बुरशी औषधाला सरावली’ चालेल?

सूक्ष्मदर्शी:
प्रतिकारशक्ती नकोच, आणि सरावली पण नको ग. सरावली म्हटलं की औषध बघून बुरशी काहीतरी शिकली असं वाटतं. प्रत्यक्षात पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल चुकते, औषध असो नसो. फ्लुकोनॅझोल ज्या विकराला (एन्झाइमला) जाऊन अडवतं ते ईआरजी11 या जनुकावरून बनतं आणि ते अडलं की बुरशीच्या पेशीच्या पडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होत नाही. आता त्या विकरात 132व्या जागी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलनिन हे दुसरं आलं, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत एका ए चा टी झाला, बास एवढंच, तर औषध नीट चिकटत नाही पण विकराचं काम चालूच राहतं. मग गोळ्या सुरू केल्यावर बाकीच्या पेशींची वाढ थांबते आणि या बदललेल्या पेशीचीच पिल्लावळ उरते. निवड औषधाने केली, बदल आधीच झालेला होता.

आबा सांगलीकर:
आपल्याकडे साधं म्हणतात की, ताप औषधाला दाद देत नाही. ‘बुरशी औषधाला दाद देत नाही’ लिहा, आजीलाही कळेल. आणि म्युटेशनला ‘उत्परिवर्तन’ जड वाटत असेल तर जनुकातला ‘बिघाड’ लिहा.

सूक्ष्मदर्शी:
आबा, दाद न देणं एकदम चपखल! बिघाड मात्र नको वाटतं, कारण बिघाड म्हणजे काम बंद. टीएसी1 जनुकातल्या काही म्युटेशनमध्ये उलट काम वाढतं, पेशीच्या पडद्यावरचे पंप जास्त बनतात आणि आत आलेलं औषध बाहेर फेकत राहतात. कॅन्डिडा ग्लाब्राटा या जातीत हेच पीडीआर1 जनुकामुळे होतं. कॅस्पोफंजिनसारख्या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांचं लक्ष्यच वेगळं, पेशीभित्तिकेतलं (पेशीच्या बाहेरच्या भिंतीतलं) ग्लुकन बनवणारं विकर, तिथे एफकेएस1 जनुकातले बदल नडतात. कॅन्डिडा ऑरिस (2009 साली जपानमध्ये एका बाईंच्या कानातून पहिल्यांदा नोंदली गेली, ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान) बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, आणि तिच्यात एफकेएस1 पण बदललं तर डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं. म्हणून ‘जनुकातला बदल’ लिही, कंसात म्युटेशन.

रानजाई:
एक भर घालते. कॅन्डिडा क्रुसेई फ्लुकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही, त्यासाठी नवीन म्युटेशन व्हावं लागत नाही. म्हणजे ‘दाद देत नाही’ दोन्हीकडे चालेल पण ‘दाद देईनाशी झाली’ फक्त नंतर बदललेल्या बुरशीला. हा फरक मराठीत क्रियापदातच येतो, तो वापराच.

केळफूल:
वा रानजाई, हे फारच कामाचं! मग असं लिहिते: ‘जनुकातल्या बदलामुळे (म्युटेशन) काही बुरशी या औषधाला दाद देईनाशी होते. हा बदल बुरशीत होतो, तुमच्या शरीरात नाही.’ रिपोर्टमध्ये आर (रेझिस्टंट) छापलेलं असतं तिथे ‘औषधरोधी’ ठेवते.