नवरा चांगला असणं हा प्रॉब्लेम कधीपासून झाला?

थालीपीठ_विथ_लोणी
परवाची ती पोस्ट वाचून दोन दिवस डोकं भणभणतंय म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: बाई 37 वर्षांच्या, बाणेरला राहतात, लग्नाला 11 वर्षं, मुलगी चौथीत. नवरा "शांत, जबाबदार, कधी आवाज चढवत नाही". आणि ट्रेक ग्रुपमधला एक जण, ज्याच्याबरोबर असताना "मी जिवंत असते". आता काय करू? खाली पन्नासेक जणींनी लिहिलंय मनाचं ऐक, आयुष्य एकदाच मिळतं, वगैरे वगैरे.

अहो पण तिने स्वतःच काय लिहिलंय ते तरी वाचा! नवरा मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या वडिलांना डायलिसिसला घेऊन जातो. तिच्या. स्वतःच्या नाही. चार तास तिथे लॅपटॉप घेऊन बसतो. हे एका ओळीत उरकलंय. आणि त्या दुसऱ्याबद्दल तीन परिच्छेद, त्याचे डोळे, त्याची बुलेट, कोकणकड्यावर सूर्यास्ताला तो काय बोलला. हा माणूस दर दुसऱ्या शनिवारी भेटतो हो. दर दुसऱ्या शनिवारी मी पण भयंकर इंटरेस्टिंग असते. त्याच्याशी तिचं अजून एकदाही सिलिंडर, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या डोक्यातल्या उवा यावर बोलणं झालेलं नाही, म्हणून तर तो एक्सायटिंग आहे. ज्याला आपण कंटाळवाणं म्हणतो ना ते रोज कोणीतरी उठून करत असतं तेव्हा होतं.

अवली_बाई
म्हणजे डायलिसिसच्या बदल्यात बाई गहाण का? कृतज्ञता वेगळी, ओढ वेगळी. त्या माणसाचे उपकार आहेत, मान्य, शंभर वेळा मान्य. पण तुम्ही सोयीस्करपणे वगळलं ते मी सांगते. तिने लिहिलं होतं की लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती म्हणाली मला परत सतार शिकायची आहे, तो म्हणाला "बघू". नवव्या वर्षी परत म्हणाली, परत "बघू". मराठी नवऱ्याचं "बघू" म्हणजे काय हे या धाग्यावरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आवाज न चढवता पण माणसाला संपवता येतं.

निवांत_नाना
आमच्या वेळी ही थेरं नव्हती. मोबाईल आणि या पाश्चात्त्य मालिकांनी घरं मोडली. एकीकडे वडाला फेऱ्या मारायच्या, सात जन्म हाच नवरा मागायचा आणि दुसरीकडे हे. आपली ही संस्कृती नाही.

अवली_बाई
नाना, गाथासप्तशती चाळा एकदा. हाल सातवाहनाच्या नावावर आहे, आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, सातशे गाथा. नवरा परगावी, गोदेकाठचं लव्हाळं आणि तिथे कोण कोणाला भेटतंय याची गाथांमागून गाथा आहेत त्यात. तेव्हा कुठलं वायफाय होतं पैठणला?

निवांत_नाना
ते काव्य आहे. काव्यात काहीही चालतं.

कातळशिल्प
एक मिनिट. ट्रेक ग्रुपला का मध्ये घेताय सगळे? ऑफिसमध्ये लफडं झालं तर कोणी आयटी कंपनीला शिव्या देत नाही. मी सोळा वर्षं ग्रुप नेतोय, आमच्याकडे अशी थेरं चालत नाहीत. लोक कळसूबाईला 1646 मीटरवर चढून जातात ते काय डोळ्यात बघायला?

चकलीचा_तुकडा
हो का, मग गेल्या पावसाळ्यात हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर मी दोन तास कोणामुळे अडकले होते? तुमच्यासारख्या ग्रुपमुळेच. जवळजवळ उभ्या त्या पायऱ्या, एका वेळी एक माणूस जेमतेम, वरून उतरणारे, खालून चढणारे, मधे एक ताई रील काढतायत आणि लीडर खाली निर्गुडपाड्यात पोहे खातोय. माणशी पैसे घेताना साठ माणसं भरायची आणि सेफ्टीच्या नावाने शिट्टी.

कातळशिल्प
आमच्या ग्रुपमध्ये पंचवीसच्या वर एक माणूस घेत नाही. सगळ्यांना एका माळेचे मणी करू नका. आणि रविवारी सकाळी दहाला हरिहर चढायला जाणं ही तुमची चूक आहे.

चकलीचा_तुकडा
तारीख ग्रुपने ठरवली होती!!

थालीपीठ_विथ_लोणी
अहो विषय काय, चाललंय काय.

काळा_कोट
त्या पोस्टखाली कोणीतरी "नवरा केस टाकेल, जेल होईल" असं लिहिलेलं दिसलं म्हणून फक्त एवढंच. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं 497 कलम सुप्रीम कोर्टाने 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते नाही. मुळात त्या कलमात बायको आरोपी कधीच नव्हती. गुन्हा लागायचा परपुरुषावर, तक्रार करायची नवऱ्याने, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बायको ही शेजाऱ्याची स्कूटर, विचारून नेली तर चोरी नाही. ते गेलं ते बरंच झालं. पण म्हणून रान मोकळं असंही नाही, घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्याच्या 13 व्या कलमात आजही आहे आणि पोटगीच्या वेळीही तो आडवा येतो. दोघांनी मिळून संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावर थांबायचे पुढचे सहा महिने 2017 च्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका प्रेमाबद्दल कमी आणि फ्लॅट कोणाच्या नावावर आहे याबद्दल जास्त विचारतात. तेच बरोबर आहे.

फ्रीमाँटचा_बंड्या
इकडे असल्या गोष्टींसाठी लोक सरळ कपल थेरपीला जातात, यात लाज कसली? आम्ही पण गेलो होतो. भारतात अजून ती मॅच्युरिटी नाही.

चकलीचा_तुकडा
आला. बंड्या, तिकडे तासाला किती डॉलर देता ते पण सांग, आमच्याकडे तेवढ्यात दोन्ही पार्टींचे वकील होतात.

फ्रीमाँटचा_बंड्या
180. आणि उपयोग झाला. झालाच असं नाही म्हणत, पण भांडण निदान ठरलेल्या वेळी व्हायला लागलं.

तिसरी_घंटा
लिहू की नको करत होतो. मी तो नवरा आहे. म्हणजे या पोस्टमधला नाही, पण तोच. 2016 मध्ये बायको गेली, ऑफिसमधला होता तिच्या. मी ईएमआय, सिलिंडर, मुलाची पालकसभा, सगळं करणारा. नातेवाईक विचारायचे तुझं काय चुकलं रे, मी म्हणायचो काहीच नाही, आणि मला ते खरंच वाटायचं. मग कोर्टात समुपदेशक बाईंनी सहज विचारलं की बायकोला काय आवडतं खायला. मी लगेच म्हटलं भरली वांगी. बायको हसली, वाईट नाही, नुसतीच हसली. भरली वांगी माझ्या आईला आवडतात. बायको वांगं खातच नव्हती, अंगावर पित्त उठायचं तिच्या. दहा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही.

हे मान्य करून पण सांगतो. दीड वर्ष लपवलं तिने. दीड वर्ष मी तिच्या पावणेआठच्या लोकलच्या हिशोबाने चहा टाकत होतो आणि ती पावणेआठच्या लोकलने येत नव्हती. गेली त्याचं आता काही वाटत नाही, चहाचं वाटतं.

थालीपीठ_विथ_लोणी
@तिसरी_घंटा, काय बोलू. पण हेच तर म्हणतेय मी, लपवाछपवीला "जिवंत असणं" म्हणायचं का?

अवली_बाई
आणि मी पण हेच म्हणतेय, दहा वर्षं वांगं खात नाही हे कळू नये याला "चांगला नवरा" म्हणायचं का? (त्यांना नाही टोचत. ते स्वतः कबूल करतायत, तेवढा मोठेपणा त्या पन्नास कमेंटवाल्यांत पण नाही आणि तुमच्यात पण नाही.)

कातळशिल्प
तिसरी घंटा भाऊ, सॉरी. बाकी चकली ताईंना एवढंच सांगतो की गर्दीचा खरा गुन्हेगार ट्रेक ग्रुप नाही, रील आहे. आणि काजव्यांचं तर बोलायलाच नको. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला या, झाडावर काजवे आणि खाली गाड्यांचे हेडलाइट. बिचारे जोडीदार शोधायला चमकतात, त्यांच्यावर टॉर्च मारला की जुळणारंही जुळत नाही.

चकलीचा_तुकडा
हे मात्र बरोबर बोललात. पहिल्यांदाच.

आळंदीचा_वासू
पुरुषवाडीला आम्ही गेलो होतो तेव्हा गावकऱ्यांनी टॉर्च बंद करायला लावले होते. तसं सगळीकडे पाहिजे. वनखात्याने संख्या ठरवून द्यावी ना.

कातळशिल्प
संख्या ठरवली की एजंट आले. मग परवाना ब्लॅकमध्ये. बोला.

काळा_कोट
मी इथे घटस्फोटाचं कलम समजावून सांगितलं त्याला दोन लाईक आणि काजव्यांना चौतीस.

पावशेर_जिरं
मी सोडलं होतं. 2013. नवरा वाईट नव्हता, उगाच वाईट करत नाही. दुसऱ्याबरोबर राहायला गेले, नाशिकहून थेट वेगळं शहर, दोन खोल्या, जमिनीवर गादी, पहिले सहा महिने आयुष्यातले सगळ्यात भारी. मग दोन वर्षांनी एका सकाळी मी त्याच्यावर गॅस बुक केला नाही म्हणून ओरडत होते आणि ओरडता ओरडता लक्षात आलं की हे वाक्य मी आधी पण याच सुरात म्हटलेलं आहे, फक्त माणूस दुसरा होता. आता तोही "बघू" म्हणतो. मुलगा रविवारी चार तास भेटायचा, त्याचा पश्चात्ताप होतो, अजून होतो. नवऱ्याला सोडल्याचा होत नाही. दोन्ही खरं आहे. यातलं काही कोणी स्वतःचं म्हणणं सिद्ध करायला वापरू नका प्लीज.

थालीपीठ_विथ_लोणी
बघा! गॅसचा मुद्दा मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिला होता.

पावशेर_जिरं
आत्ताच सांगितलं ना वापरू नका.

अवली_बाई
थालीपीठ बाई, तुम्हाला राग येतोय तो त्या बाणेरवालीचा नाहीये. तुम्ही स्वतःच्या आयुष्याची वकिली करताय केव्हापासून. कोणीतरी दुसरा रस्ता घेतेय म्हटल्यावर आपला रस्ता बरोबर होता हे सिद्ध करायची एवढी घाई कशाला?

थालीपीठ_विथ_लोणी
तोंड सांभाळून. तुम्ही मला ओळखत नाही. दोन पुस्तकं वाचून गोदावरीकाठच्या गप्पा मारणाऱ्यांनी मला शिकवू नये. माझ्या घरात सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आम्ही दोघांनी मिळून काढलं ते सगळं, तेव्हा कुठली ओढ आणि कुठलं काय, एकाने पाठ फिरवली असती तर दुसरा मेला असता. ते ज्याने बघितलंय त्यालाच "कंटाळवाणा" या शब्दाची किंमत कळते.

निवांत_नाना
शाब्बास ताई.

थालीपीठ_विथ_लोणी
नाना तुम्ही नको.

थालीपीठ_विथ_लोणी
आणि बरं, विचारलंच आहे तर. हो. 2009. फोर्टात ऑफिस होतं, डोंबिवलीहून सकाळची फास्ट, तोही त्याच गाडीला. फक्त दादरपर्यंतच्या गप्पा, मग दादरनंतरच्या, मग एक दिवस दोघंही भायखळ्याला उतरलो आणि राणीच्या बागेत जाऊन बसलो, ऑफिसला दांडी. पुढे काही झालं नाही. मी गाडीची वेळ बदलली. रोज आठवण येते का, तर नाही. कधीच येत नाही का, तर तेही नाही. झालं समाधान?

अवली_बाई
समाधान कसलं. पण आता तुम्ही जे लिहिलंत ते पहिल्या पोस्टपेक्षा खरं आहे. तोंड सांभाळून वगैरे माफ केलं.

थालीपीठ_विथ_लोणी
माफी मागितली नव्हती. "बघू" चं मात्र तुमचं बरोबर आहे, तेवढ्यापुरतं. आमच्याकडे पण तोच शब्द आहे.

आळंदीचा_वासू
मूळ पोस्ट उडवली वाटतं त्या ताईंनी? लिंक उघडत नाहीये.

पावशेर_जिरं
काल रात्रीपासून नाहीये. अकाउंट पण.

तिसरी_घंटा
नवऱ्याने वाचलं असेल का?

अवली_बाई
वाचणारच. वय, बाणेर, मुलगी चौथीत, वडिलांचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार, ट्रेक ग्रुप. तिची पोस्ट पाच पानं मागे गेली होती हो, शंभरेक लोकांनी पाहिली असेल. हा धागा तीन दिवस सगळ्यात वर आहे. आणखी काय तिचा आधार नंबर टाकायचा होता?

थालीपीठ_विथ_लोणी
तिने स्वतःच लिहिलं होतं सगळं. मी फक्त परत सांगितलं.

काळा_कोट
निदान वार तरी काढा. आत्ता.

थालीपीठ_विथ_लोणी
एडिटचं बटण गेलंय. चोवीस तासांनंतर जातं वाटतं. संपादकांना लिहिलंय मगाशी, उत्तर नाही.

निवांत_नाना
कोणाची पोस्ट उडाली? मला इथे दिसतेय की, मी सकाळीच आमच्या वाडीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली.