पेट्रोलचा ऑगर अडगळीत टाकण्याआधी

वर्मिलियनकर

गोठलेल्या तळ्यावरील मासेमारी आणि तीसाठी बर्फात भोक पाडणारे यंत्र, म्हणजे ऑगर (पेट्रोलचा ऑगर दोरी ओढून सुरू करतात), यांसंबंधी परवा येथे आलेल्या लेखात एक वाक्य असे होते : ‘पेट्रोलचा ऑगर आता अडगळीत टाकण्याच्याच लायकीचा आहे, अजूनही दोरी ओढत बसणाऱ्यांना केवळ सवय सोडवत नाही.’ या वाक्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण नव्याने अमेरिकेतील मिनेसोटात आलेली आपली मंडळी असेच लेख वाचून खरेदी करतात आणि पहिल्याच कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या मध्यावर अडकून पडतात.

लेखकाचा सारा अनुभव, त्यांनीच लिहिल्याप्रमाणे, मिनीॲपोलिसच्या आसपासच्या तळ्यांवरचा आणि डिसेंबरातल्या सात-आठ इंच बर्फावरचा आहे. तेवढ्या बर्फासाठी बॅटरीचा ऑगर उत्तम आहे, याविषयी माझा वाद नाही. मात्र उत्तरेकडे लेक ऑफ द वुड्स किंवा अप्पर रेड लेकवर फेब्रुवारीअखेर बर्फाची जाडी अडीच फुटांच्याही पुढे जाते. ८ इंच व्यासाचे एक भोक अडीच फूट खोल पाडायचे म्हणजे जवळजवळ २२ किलो बर्फ किसून वर काढावा लागतो. शिवाय वॉलआय जातीचा मासा शोधणारा माणूस एका भोकापाशी दिवसभर बसत नाही. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, हालचाल दिसली नाही की तो पुढे सरकतो, आणि अशा दिवशी वीस-तीस भोके सहज होतात.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. ४० व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १६० वॉट-तास ऊर्जा साठवते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९,००० वॉट-तास असतात. लहान इंजिन त्यातील जेमतेम १५ टक्के कामी लावते असे धरले, तरी हाती १,३०० हून अधिक वॉट-तास येतात. म्हणजे एका लिटराला तशा आठ बॅटऱ्या. त्यात थंडीत लिथियमच्या घटाचा अंतर्गत रोध वाढतो, पाते घट्ट बर्फात शिरून भार येताच व्होल्टेज खाली येते आणि बॅटरीतील संरक्षक सर्किट ती बंद करून टाकते. पेट्रोल संपले तर डब्यातून ओतता येते. बॅटरी मात्र शून्य अंशाखाली चार्जही करू नये, कारण त्या तापमानात घटाच्या ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणजे सोबत जनरेटर नेला तरी आधी बॅटरी ऊबेत आणावी लागणार.

मी राहतो त्या भागात, टॉवर या गावी, २ फेब्रुवारी १९९६ रोजी तापमान उणे ६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ५१ सेल्सियसपर्यंत उतरले होते. तशा दिवशी कोणी मासे धरायला जात नाही, हे खरे. पण येथील हिवाळा कोणत्या जातीचा आहे ते यावरून कळावे. जो उत्तरेत सलग तीन-चार दिवस मुक्कामाला जातो, त्याने फोर-स्ट्रोक पेट्रोल ऑगरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्चप्रेमी

हिशेब आकर्षक आहे, पण त्याचा पायाच मला मान्य नाही. ८ इंचांचे भोक हवेच कशाला? भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ आणि ८ इंचांमध्ये ३६ ला ६४ असे प्रमाण पडते, म्हणजे लहान भोकाला ४४ टक्के कमी बर्फ कापावा लागतो. टोरांटोच्या उत्तरेला लेक सिमकोवर आम्ही पर्च हा लहान मासा धरतो, आणि नेहमीच्या आकाराचा वॉलआयसुद्धा ६ इंचांतून व्यवस्थित वर येतो. चांगल्या कॉर्डलेस ड्रिलला ६ इंचांचे हलके पाते लावले आणि जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, की दिवस निभावतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या संपूर्ण लेखनात आलेलीच नाही. माझ्या एका स्नेह्याने बाहेर वारा फार होता म्हणून तंबूच्या आतच टू-स्ट्रोक ऑगर चालवून चार भोके पाडली. धूर निघून गेल्यासारखा वाटला, म्हणून त्याने दार लावून घेतले. अर्ध्या तासात त्याचे डोके जड झाले, उलटी झाली आणि त्याला उभे राहता येईना. शेजारच्या तंबूतील मुलांनी त्याला ओढून बाहेर काढले म्हणून तो वाचला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट जोडला जातो. लिटरमागे आठ बॅटऱ्यांचा हिशेब मांडताना या गोष्टीचे वजन कोणत्या पारड्यात टाकायचे, ते आपण सांगावे.

वर्मिलियनकर

आपल्या स्नेह्यांचा जीव वाचला याचा आनंद आहे. परंतु बंद जागेत इंजिन चालवू नये, हे प्रत्येक ऑगरच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. एका माणसाने ते वाचले नाही म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. तंबूतील प्रोपेनच्या हीटरमधूनही हाच वायू निर्माण होऊ शकतो. मग बॅटरीवाले हीटर घरी ठेवून येतात काय?

उत्तरायण

वर्मिलियनकर काका, तुमचा अनुभव मोठा आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण ‘माहितीपुस्तिका वाचली नाही’ हे उत्तर मला अत्यंत निष्ठुर वाटले. तंबूत भोक पाडणे हा काही वेडेपणा नव्हे. उणे वीस अंशांत, वाऱ्यात, लहान मुले सोबत असताना माणसे आधी तंबू लावतात आणि मग भोके पाडतात. जे यंत्र आत वापरता येत नाही, ते अशा वेळी कुचकामी आहे. हीटरला निदान प्राणवायू कमी झाल्यावर बंद होणारी सोय तरी असते.

दुसरी गोष्ट दोरीची. माझ्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. गारठलेल्या इंजिनाचा चोक ओढायचा, प्रायमर दाबायचा आणि मग पुनःपुन्हा दोरी खेचायची, हे माझ्याकडून होत नाही. ८ इंचांचा पेट्रोल ऑगर सुमारे ३० पौंडांचा असतो. तो गुडघाभर बर्फातून नेणेही मला शक्य नाही. बॅटरीचा ऑगर आल्यापासून मी एकटी तळ्यावर जाऊ लागले. त्याआधी मला कोणीतरी भोक पाडून देण्याची वाट पाहावी लागत असे. तुमच्या वॉट-तासांच्या हिशेबात या गोष्टीला जागाच नाही.

उसाचा फड

मूळ लेखक आणि वर्मिलियनकर, दोघांनीही खरा गुन्हेगार सोडून दिला आहे. पेट्रोल ऑगर सकाळी सुरू होत नाही याचे कारण इंजिन नसून पेट्रोलमधील इथेनॉल आहे. मिनेसोटात पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल कायद्यानेच मिसळलेले असते. ते हवेतील ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळलेले वंगणाचे तेल वर पेट्रोलमध्येच राहते. मग कार्ब्युरेटरमध्ये (इंधन व हवा मिसळणाऱ्या भागात) जाते ते तेलाविनाचे पाणचट मिश्रण. कार्ब्युरेटरमधील जुना रबरी पडदाही त्याने कडक होतो. माझा ऑगर दोन हिवाळ्यांत निकामी झाला आणि दुरुस्तीच्या दुकानाने कार्ब्युरेटर बदलून नव्या ऑगरच्या निम्मे पैसे घेतले.

हेच आता आपल्याकडे चालले आहे. भारतात २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेले. माझे चुलते कोल्हापूर जिल्ह्यात ऊस लावतात. कारखान्यांनी इथेनॉलसाठी कर्जे काढून प्रकल्प उभारले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरच बंधने घातली. शेतकऱ्याला सांगायचे की यातून तुझे भले होईल, आणि गाडीवाल्याला सांगायचे की तुझ्या इंजिनाला काही होणार नाही. या दोन्ही आश्वासनांवर माझा विश्वास उरलेला नाही.

कार्ब्युरेटर

ऊस बाजूला ठेवून इंजिनापुरते लिहितो, कारण वरील प्रतिसादातील निम्मी माहितीच बरोबर आहे. मिनेसोटाच्या त्याच कायद्यात लहान इंजिने, बोटी आणि स्नोमोबाइल यांच्यासाठी इथेनॉलविरहित प्रीमियम पेट्रोलची सवलत आहे, आणि उत्तरेकडील पंपांवर ते सहज मिळते. ते न घेता साधे पेट्रोल भरायचे, मार्चमध्ये टाकी न रिकामी करता ऑगर गॅरेजमध्ये उभा करायचा आणि डिसेंबरात कायद्याला दोष द्यायचा, हे मला पटत नाही. नऊ महिने पडून राहिलेले शुद्ध पेट्रोलही चिकट होऊन जेट (इंधनाचे बारीक छिद्र) बुजवते. शिवाय इंधननळीत पाणी गोठू नये म्हणून लोक पूर्वीपासून जे द्रव्य ओतत आले आहेत, तेही अल्कोहोलच असते. कडक थंडीत थोडे इथेनॉल ओलावा वाहून नेते, ही त्याची जमेची बाजू आपण लिहिलीच नाही.

उसाचा फड

मी टाकी रिकामी केली नव्हती, असे आपण कशावरून ठरवले? मी प्रत्येक मार्चमध्ये टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवत असे. आपल्याला न पटणारा अनुभव आला की समोरच्याला आळशी ठरवायचे, ही चर्चेची रीत नव्हे. आणि ते खास पेट्रोल दर गॅलनला बरेच महाग पडते. म्हणजे ज्या पदार्थाची सक्ती आहे, तो टाळण्यासाठी जादा पैसे मीच मोजायचे. कोल्हापूरच्या मोटारसायकलवाल्याला तर तोही पर्याय परवडण्यासारखा नाही.

कार्ब्युरेटर

आपण टाकी रिकामी करत होता असे म्हणता, तर ते मी मान्य करतो. तरीही इंजिन बंद पडल्यावर पडदा असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये थोडे इंधन राहतेच. म्हणूनच ऑगर ठेवण्याआधीचे शेवटचे इंधन इथेनॉलविरहित असावे असे मी म्हणतो. एका मोसमात लहान ऑगरला लागते ते किती? एक-दोन गॅलन. त्यावरचा जादा खर्च नव्या कार्ब्युरेटरपुढे काहीच नाही.

विनिपेगकर

इथेनॉलवर एवढे लिहून झाले, पण पात्याविषयी कोणीही अवाक्षर काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. लेक विनिपेगवर मार्चमध्ये ज्या जाडीचा बर्फ असतो, त्यात मी तिन्ही प्रकार चालवले आहेत. प्रोपेनचाही एक काळ होता. प्रोपेन उणे ४२ सेल्सियसला उकळतो, त्यामुळे उणे तिशीत लहान सिलिंडरचा दाब फारच उतरतो आणि तोही अंगाशी धरून गरम करावा लागतो. मग बॅटरी खिशात ठेवण्याला नाक मुरडण्याचे कारण काय?

पेट्रोलच्या इंजिनात एवढा जोर असतो की बोथट पातेही बर्फात शिरते, आणि माणसाला पात्याचा दोष कधी कळत नाही. तेच पाते बॅटरीला लावले की ती निम्म्या भोकांत संपते आणि शिव्या बॅटरीला पडतात. किसणीसारखे धारदार पाते स्वच्छ बर्फात झरझर उतरते, पण जुने, पुन्हा गोठलेले भोक उघडताना ते अडकते. तेथे दातेरी पाते लागते. मुक्कामाच्या शॅकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या खोपटात, रोज सकाळी जुनीच भोके उघडायची असतात, तर फिरत्या मासेमारीत दर वेळी नवे भोक पडते. आधी आपण या दोन्हींपैकी काय करतो ते ठरवावे, त्याप्रमाणे पाते घ्यावे, आणि मग यंत्राचा विचार करावा.

पर्चप्रेमींना एक इशारा द्यावासा वाटतो. ड्रिलचा बाजूचा दांडा न लावता कोणी जाड बर्फात उतरू नये. पाते तळाशी अडकले की ड्रिल उलटा फिरतो आणि मनगट पिरगळते. माझ्या मुलाचे मनगट असेच सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. चकची (ड्रिलमध्ये पाते धरणाऱ्या जबड्याची) पकड सुटली तर पाते थेट तळ्याच्या तळाशी जाते, म्हणून वर सुरक्षेची तबकडी बसवलेली असावी.

पर्चप्रेमी

दांडा आणि तबकडी, दोन्हींविषयीचे म्हणणे योग्य आहे. सिमकोवर आमचा बर्फ क्वचितच दीड फुटाच्या पुढे जातो, त्यामुळे तळाशी अडकण्याचा प्रसंग आम्हाला कमी येतो. अडीच फूट बर्फात, विजेपासून दूर, तीन दिवसांच्या मुक्कामाला ड्रिल पुरेल असा दावा मी करणार नाही. पण तसे मुक्काम करणारे किती जण येथे आहेत? २०२३-२४ च्या हिवाळ्यात मिनेसोटातल्या कितीतरी तळ्यांवर गाडी नेण्याजोगा बर्फही धरला नव्हता. अशा वर्षी चार-पाच इंचांवर चालत जाणाऱ्याने ३० पौंडांचे इंजिन ओढत न्यावे, हा सल्ला मला आजही चुकीचा वाटतो.

वर्मिलियनकर

तो सल्ला मी दिलेलाच नाही. पहिला परिच्छेद संपताच मी बॅटरीची जागा मान्य केली होती. उत्तरायण यांचे म्हणणे मात्र माझ्या हिशेबाबाहेरचे होते आणि ते रास्त आहे. ज्याला दोरी ओढता येत नाही त्याच्यासाठी पेट्रोलमधील ऊर्जा किती हा प्रश्नच गैरलागू ठरतो. त्यांनी उत्तरेला यायचे ठरवले तर ४० व्होल्टचा ऑगर, दोन जादा बॅटऱ्या आणि त्या ठेवायला फोमची पेटी व गरम पाण्याची बाटली आणावी. बॅटरी ऑगरला लावायची ती भोक पाडण्याच्या वेळीच. पाते नवे असावे, हे विनिपेगकरांचे म्हणणे त्यात जोडतो.

मूळ लेखातील ‘अडगळ’ आणि ‘सवय’ या शब्दांवरील माझा आक्षेप कायम आहे. लेखकाने आपल्या लेखात बर्फाची जाडी व तापमान किती असताना कोणत्या बॅटरीवर किती भोके पाडली, एवढे जरी लिहिले असते तरी वाचणाऱ्याला स्वतःच्या तळ्यापुरता निर्णय घेता आला असता. ते त्यांनी अजूनही लिहावे.

उत्तरायण

फोमच्या पेटीबद्दल आभार, काका. मार्चमध्ये अप्पर रेडला येण्याचा विचार आहे. शॅकमधली भोके जुनीच असणार, तेव्हा दातेरी पाते ६ इंचांत कोणत्या ऑगरला बसते ते विनिपेगकरांनी सांगावे.