हात लागतो, पण बसत नाही: हलक्या ठोशाचे मोठे बॉक्सर

नॉकआउटचे किस्से खूप झाले. ज्यांच्या ठोशाने सहसा कुणी आडवं पडलं नाही, तरी ज्यांना हरवणं महाकठीण होतं, त्यांच्याबद्दल लिहूया. कुणामुळे तुमचा खेळ बदलला असेल तर तेही सांगा.

माझं दैवत विली पेप. २२९ विजय, त्यात नॉकआउट ६५. जानेवारी १९४७ मध्ये विमान कोसळलं, पाठीचं हाड मोडलं, आणि जूनमध्ये गडी पुन्हा रिंगमध्ये! पुढच्या वर्षी सँडी सॅडलरने त्याला चौथ्या राउंडला झोपवलं. फेब्रुवारी १९४९ ला त्याच सॅडलरशी पंधरा राउंड खेळून पेपने किताब परत घेतला. त्या लढतीतले त्याचे पाय मी आजही बघत बसतो.

पुण्याहून
मी ५७ किलोत खेळायचो. सर म्हणायचे, "तुझा हात लागतो, पण बसत नाही." फार लागायचं ते मनाला. मग अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे पाहिला. ११७ विजय, नॉकआउट अवघे १४! डिसेंबर १९६८ मध्ये टोकियोत पॉल फुजीचा किताब घेतला तेव्हा हा दोऱ्यांना टेकून, हात खाली सोडून, नुसता कमरेतून हलतोय आणि फुजी हवेत ठोसे मारतोय. दहाव्या राउंडला फुजी उठलाच नाही. मला वाटतं, सततच्या हुकण्यानेही माणूस थकतो, खचतो. त्यानंतर मी ताकदीचा नाद सोडला. सहा महिने फक्त अंतर आणि समोरच्याचा खांदा वाचायला शिकलो. राज्य पातळीपर्यंत गेलो ते त्याच जोरावर.

नागपूरहून
मला पॉली मालिनाजी जवळचा. ३६ विजय, ७ नॉकआउट. त्याचे हात वारंवार दुखावले, शस्त्रक्रिया झाल्या. माझंही उजव्या हाताचं हाड दोनदा मोडलंय. जोर नाही आणि जोर लावता येत नाही, यात फरक असतो हो दादा.

न्यू जर्सीहून
पर्नेल व्हिटेकर. सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियो, समोर ८७ लढती न हरलेला चावेझ. मित्राकडे आम्ही आठजण बघत होतो, आणि बारा राउंडनंतर कुणाच्याच मनात शंका नव्हती. निकाल आला बरोबरी! दोन पंचांनी ११५-११५ दिले. रात्रभर झोप लागली नाही. हलक्या हाताच्या खेळाडूला निकाल स्वतःच्या हाताने लावता येत नाही, तो पंचांच्या कागदावर सोडावा लागतो, हे त्या रात्री कळलं.

पुन्हा मी
नागपूरच्या ताई, हाताला जपा. पेप की व्हिटेकर म्हणाल, तर बारा राउंडला मी व्हिटेकर म्हणेन, कारण तो पळत नाही, समोरच उभा राहून चुकवतो. पंधरा राउंडला मात्र पेप. लोचे या दोघांपेक्षा निराळाच. पुणेकर, तो खांदा कसा वाचायचा ते जरा सविस्तर लिहा ना.