आवाहन केले, पण निरोपाचे काय?

सांजवात (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आयर्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने अमावास्येच्या रात्री घरी केलेला एक विधी मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. चौरंगावर मेणबत्त्या, किनाऱ्यावरून वेचून आणलेले शिंपले, एका वाटीत मीठ आणि मधोमध इजिप्तच्या इसिस देवीची वीतभर उंचीची मूर्ती, अशी मांडणी होती. तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी हात धरून इसिस, ग्रीकांची हेकाटी, नॉर्स लोकांची फ्रेया, सुमेरची इनाना आणि काली अशी पाच नावे एका दमात घेतली, प्रत्येकीला 'ये' म्हटले, प्रत्येकीकडे काहीतरी मागितले, मग मेणबत्त्या विझवल्या आणि चौघीजणी जेवायला बसल्या.

भाची हे मनापासून करते, त्यामुळे तिची चेष्टा करावी असा माझा हेतू नाही. त्या यादीत आपली काली आली म्हणूनही मला वाईट वाटलेले नाही. मला खटकले ते इतकेच, की बोलावले पाचजणींना आणि निरोप एकीलाही दिला नाही. आपल्या षोडशोपचार पूजेत आवाहन हा पहिला उपचार आहे आणि त्याच्या पाठोपाठ आसन, पाद्य, अर्घ्य येतात, म्हणजे घरी आलेल्याला बसायला पाट आणि पाय धुवायला पाणी. शेवटी 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली जाते, आणि त्या श्लोकातही 'पुनरागमनाय च' असे पुन्हा येण्याचे आमंत्रण असते. परक्या देवतेला बोलावू नये असे मी म्हणत नाही. पण जिचे स्वागत कसे करायचे आणि जिला परत कसे पाठवायचे हे आपल्याला ठाऊक नाही, तिला बोलावणे म्हणजे तिचे नाव फोडणीपुरते वापरणे आहे, असे माझे मत झाले आहे.

नदीकाठ

सांजवातताई, आपले निरीक्षण बारीक आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण उदाहरणासाठी नेमकी इसिस निवडली, आणि तिच्याइतकी फिरस्ती देवी प्राचीन जगात दुसरी सापडणे कठीण. नाईलकाठची ही देवी भूमध्य समुद्राभोवतीच्या बंदरांतून रोमपर्यंत पोहोचली आणि इटलीतील पाँपेई नगरात तिचे देऊळ होते. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या, सुमारे 2 ऱ्या शतकातील एका पपायरसवर तिचे लांबलचक स्तवन आहे. त्यात कोणत्या गावी व कोणत्या लोकांत तिला काय म्हणतात याची यादी असून, भारतीयांमध्ये तिचे नाव 'माया' असल्याचेही त्यात लिहिले आहे. म्हणजे एका दमात अनेक नावे घेऊन देवीला हाक मारण्याची पद्धत आपल्या भाचीने शोधून काढलेली नाही, ती इसिसच्या भक्तांचीच आहे.

शिवाय परवानगी मागायची कोणाकडे? नाईल नदीतल्या फिले बेटावरचे तिचे देऊळ 6 व्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने बंद झाले. तिचे पुजारी उरले नाहीत, वंशपरंपरा उरली नाही, आणि जे देऊळ उरले ते 1970 च्या दशकात धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तुकड्यातुकड्यांनी शेजारच्या बेटावर हलवावे लागले. अशा देवीला आज चार मुली हाक मारत असतील, तर तिला विस्मृतीतून कोणीतरी बाहेर काढते आहे असे मी म्हणेन.

आणि आपला गोंधळ विसरू नका. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा या सगळ्यांना एकामागून एक 'गोंधळाला ये' म्हणून साद घातली जाते. तिथे आपल्याला फोडणी आठवत नाही.

ताम्रपट

गोंधळाचे उदाहरण नदीकाठ यांच्या म्हणण्याच्या उलट बाजूने बोलते. गोंधळी आधी चौक भरतो, कलश मांडतो, दिवटी पेटवतो, संबळ वाजवतो, हाक त्यानंतर. तो हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेला असतो आणि ज्या घरी गोंधळ असतो त्या घराचे कुळदैवत कोणते याची त्याला माहिती असते. नावे अनेक असली तरी ती सर्व ओळखीची आहेत.

इसिस प्रवासी देवी होती हे खरे, पण ती एकटी फिरली नाही. तिच्याबरोबर पुजारी, दीक्षा आणि उपासतापास फिरले. 2 ऱ्या शतकात अपुलेइयस या रोमन लेखकाने लिहिलेल्या कथेतला ल्युसियस जादूच्या चुकीने गाढव होतो आणि इसिसच त्याला पुन्हा माणूस करते. देवीने इतकी कृपा केल्यानंतर तो दीक्षेसाठी अधीर होतो, तरी मुख्य पुजारी त्याला थोपवून धरतो, कारण दिवस देवीने ठरवायचा असतो. तो दिवस आल्यावरही त्याला 10 दिवस मांस व मद्य वर्ज्य करावे लागते. ज्याला देवी स्वतः भेटली त्यालाही रांगेत उभे राहावे लागले, आणि आपण मात्र मूर्ती ऑनलाइन मागवून त्याच रात्री हाक मारतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. इजिप्तच्या देवदेवतांना घरगुती किंवा खाजगी विधीत बोलावण्याची आधुनिक पश्चिमी पद्धत बऱ्याच अंशी 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळाच्या विधींतून आली, आणि ब्रिटिश सैन्याने इजिप्तचा ताबा 1882 मध्येच घेतलेला होता. देश ताब्यात असताना त्याचे देव बोलावणे सोपे जाते. प्राचीन रोमन सेनापती वेढा घातलेल्या नगराच्या देवतेला 'आमच्याकडे ये, तुला मोठे देऊळ बांधू' असे आवाहन करत. रोमजवळचे वेई नगर पडले तेव्हा (ही घटना परंपरेने इसवी सनापूर्वी 396 मध्ये धरतात) एका सैनिकाने तिथल्या जूनो देवीला 'रोमला येतेस का?' असे विचारले आणि मूर्तीने मान हलवली, अशी आख्यायिका रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. लुटारूंनी निदान विचारण्याचे सोंग तरी केले!

कोरडी विहीर

ज्या देवता मुळात कधी आल्याच नाहीत त्यांना परत कसे पाठवायचे, या प्रश्नावर इतकी विद्वत्ता खर्च होत आहे याचे मला कौतुक वाटते.

अर्धविराम

कोरडी विहीर यांना उत्तर देत बसत नाही. देव आहे की नाही हा धाग्याचा विषय नाही, आणि देव नसला तरी शिष्टाचार असतोच.

सांजवातताईंच्या वर्णनात मात्र एक दुरुस्ती करतो. विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या आणि त्याच्या जवळच्या विधींत वर्तुळ आखून देवतांना बोलावतात, तसेच शेवटी त्यांचे आभार मानून निरोप देतात आणि वर्तुळ उघडतात. म्हणजे निरोप विसरणे ही परक्या परंपरेची उणीव नाही, भाचीची घाई आहे. आयर्लंडचा उल्लेख आला म्हणून सांगतो, तिथेच कार्लो परगण्यातील क्लोनेगल या गावच्या गढीत 1976 मध्ये 'फेलोशिप ऑफ इसिस' ही संस्था सुरू झाली. त्या गढीच्या तळघरातच देवालय आहे. तिने कोणत्याही धर्माच्या माणसाला दार उघडे ठेवले, तरी दीक्षा, पुरोहितपद आणि लिहून ठेवलेले विधी हा सारा संसार तिने उभा केलाच.

मला महत्त्वाचा वाटतो तो फरक पूजक हयात असलेल्या आणि नसलेल्या देवतांमधला. हवाई बेटांवर किलाउएआ ज्वालामुखीच्या काठी पेले देवीसाठी पर्यटक पानांत गुंडाळलेले दगड, खाद्यपदार्थ आणि मद्य ठेवून जातात, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला 'कृपा करून असे करू नका' म्हणून सांगावे लागते. हवाईतील मूळ रहिवाशांच्या परंपरेत एखाद्या जागी पाऊल ठेवण्यापूर्वी प्रवेशाची अनुमती मागणारे गायन आहे आणि त्याला आतून उत्तर देणारे गायनही आहे. तिथे विचारायला माणसे आहेत. त्यांना डावलून थेट देवीशी बोलणे म्हणजे घरच्यांकडे न बघता आजीला परस्पर गाडीत बसवून नेणे. कालीचेही तसेच आहे. तिच्या पूजकांना शोधायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. कॅलिफोर्नियातील लगुना बीच येथे 1993 पासून काली मंदिर आहे आणि तिथे दक्षिणेश्वरच्या परंपरेशी नाते ठेवून पूजा चालते. म्हणजे शिकायचे असेल त्याला वाट आहे.

नदीकाठ

हा फरक ऐकायला स्वच्छ वाटतो, पण इतिहासाला तो ठाऊक नाही. आपली सरस्वती बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरांतून जपानमध्ये गेली आणि बेंझाइतेन झाली. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे जपानी तंतुवाद्य आले. तेव्हा सरस्वतीचे पूजक इथे हयात होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली, तीही कोणा ग्रीक पुजाऱ्याच्या संमतिपत्रासह आली नसावी. देव असेच फिरत आले आहेत.

ताम्रपट

पोसायडनची मूर्ती सापडली म्हणजे पोसायडनची पूजा सापडली असे होत नाही. उलट दिशेने गेलेली हस्तिदंती यक्षी पाँपेईत 1938 मध्ये मिळाली, आणि तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेर येथे सापडल्या आहेत. पण ती बहुधा आरशाची मूठ किंवा एखाद्या मेजाचा पाय होती. दिवाणखान्यात ठेवणे वेगळे आणि 'ये' म्हणणे वेगळे. बेंझाइतेनबद्दल म्हणाल, तर तिला भिक्षूंनी मंत्र आणि विधींसकट नेले आणि त्यानंतर तिला शतकानुशतके सांभाळले.

पर्वरीकर

आपण सारे ग्रंथ आणि उत्खनने यांत अडकलो आहोत, म्हणून घराजवळचे सांगतो. आमच्या गोव्यात शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण (मेरीमाता) या सख्ख्या बहिणी मानल्या जातात. सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली, एवढीच आमच्याकडची त्याची फोड. दोघींच्या उत्सवांत तेल आणि मोगऱ्याची फुले एकमेकींकडे पाठवण्याची रीत आहे. म्हापशाच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) हिंदू बायका मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि त्यांतल्या एकीनेही लॅटिन प्रार्थना पाठ केलेली नसते. तरी त्यांचे आवाहन खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नाते विधी शिकून जुळले नाही, ते शेजारपणातून जुळले आणि वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्याने टिकले. धागाकर्तीच्या भाचीला मी एवढेच विचारीन, की पुढच्या अमावास्येलाही हीच पाच नावे असतील की दुसरी पाच?

सांजवात (धागाकर्ती)

पर्वरीकर, आपला प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला. गेल्या वर्षभरात नावे तीनदा बदलली, एकटी इसिस तेवढी कायम राहिली, असे तिने थोडे ओशाळून सांगितले. अर्धविराम यांनी दाखवलेली चूक मी मान्य करते. तिच्या पुस्तकात निरोपाचे पान आहे आणि जेवण गार होईल म्हणून ते गाळले गेले होते. नदीकाठ यांच्याशी मात्र मी अजूनही सहमत नाही. पुजारी उरले नाहीत म्हणून देवीला पाहुणचार लागत नाही असे होत नाही. उलट तो करणारे दुसरे कोणी नाही म्हणून आपली जबाबदारी वाढते. 'आवाहनं न जानामि' असे आपणही पूजेच्या अखेरीस म्हणतो हे मला कोणी सुनावण्याआधी मीच लिहिते. पण ती क्षमा सगळे उपचार करून झाल्यावर मागायची असते, त्यांच्या बदल्यात नव्हे.

आता भाचीचा मला उलट प्रश्न आला आहे, की बाकीच्या चौघींना तूर्त बोलावायचे नाही असे ठरवले तर एकट्या इसिसपुढे ठेवायचे काय. ताम्रपट, आपण सांगाल का?

ताम्रपट

दूध. अपुलेइयसच्या मिरवणुकीत एक सेवक स्तनाच्या आकाराच्या सोन्याच्या पात्रातून दुधाची धार धरत चालतो, आणि तिचा पती ओसिरिस याच्या समाधीपाशी पुजारी रोज 360 पात्रे दुधाने भरत असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. आपल्या भाचीने एका वाटीपासून सुरुवात करायला हरकत नाही.