डी.एड. झालं, टीईटी झाली, आणि सत्तावीस चिंचोक्यांपाशी अडकलेय

टाचणवही

धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथंच टाकतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी संगमनेरकडची. डी.एड. होऊन तीन वर्षं झाली, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर दुसऱ्या खेपेला निघाला. सध्या घराजवळच्या एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत पहिलीला आहे. पगार आठ हजार, तोही कधी पंधरा तारखेला, कधी पंचवीस. दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रयोगशील शाळेत आठवडाभर राहून आले, मैत्रीण तिथं असते. ते म्हणतात, जूनपासून या. पण पहिले सहा महिने वर्ग मिळणार नाही. एका ताईंसोबत बसायचं, मुलं बघायची, रोज वही लिहायची आणि संध्याकाळी त्यावर बोलायचं. मानधन नऊ हजार, राहणं-जेवण त्यांच्याकडे.

तिथं काय झालं ते सांगते, म्हणजे माझा प्रश्न कळेल. दुसरीतला एक मुलगा. मी सांगितलं, सत्तावीस लिही. त्यानं ७२ लिहिलं. मी लगेच "चूक", पाटीवर २७ काढून दिलं, म्हटलं पाच वेळा गिरव. त्यानं थुंकी लावून ७२ पुसलं आणि निमूटपणे पाच वेळा २७ लिहिलं. ताई शेजारीच होत्या, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, आता त्याला सत्तावीस चिंचोके मागा. त्यानं डब्यातून दहाची एक रास केली, दुसरी केली, मग सात सुटे वेगळे ठेवले. मोजताना जीभ बाहेर, पण एकही चुकला नाही.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "मुलाला स्थानिक किंमत समजलेली नाही." ताईंनी विचारलं, "हे दिसलं, का वाटलं?"

खरं सांगते, मला त्या रात्री झोप नाही. डी.एड.ला आम्ही पाठांवर पाठ घेतले. टाचण, प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन, सगळं लाल शाईनं अधोरेखित. नमुना पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना उत्तरं सांगून ठेवायचो, आणि ज्याला येत नाही त्यानंही हात वर करायचा हे पण सांगून ठेवायचो! छात्रसेवाकालात, म्हणजे सरावासाठी, ज्या शाळेत गेलो तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी चारही वर्ग आमच्या हवाली केले आणि स्वतः खिचडीचा हिशोब लिहायला बसले. एका मुलाशेजारी पंधरा मिनिटं बसून तो काय करतोय ते बघा, असं दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही.

पप्पा म्हणतात, आधी परमनंट हो, मग कर काय ते प्रयोग. आई म्हणते, नऊ हजारांसाठी डोंगरात कशाला. मला विचारायचंय ते हे: जाऊ का? आणि असं बघायला शिकणं इथं राहून, स्वतःच्या स्वतः होतं का?

स्पष्ट_बोलतो

मॅडम, भावना बाजूला ठेवा. झेडपीची भरती टेटच्या, म्हणजे अभियोग्यता चाचणीच्या (ही टीईटीपेक्षा वेगळी), मार्कांवर होते, प्रयोगशील शाळेतल्या अनुभवाला तिथं शून्य किंमत. आणि टेट काही दरवर्षी येत नाही, २०१७ नंतर थेट २०२३ आणि मग २०२५. एक संधी हुकली की वय निघून जातं. लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकच, महिना १६,०००. तेही २०२३ पासून, त्याआधी सहा हजार होते. मी स्वतः साडेपाच वर्षं भरतीचं पवित्र पोर्टल रिफ्रेश करत काढली आहेत, म्हणून बोलतोय. एकच बरी बातमी, टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. तेव्हा गेलात तरी ते सडणार नाही. अभ्यासाची पुस्तकं मात्र सोबत न्या.

निवृत्त गुरुजी

ताई, माझी मुलगी तुमच्याएवढी आहे, पण शाळेतली सवय, ताईच म्हणतो.

मी सातारा जिल्ह्यात ३३ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटचा, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचा, बोलबाला होता. राज्यभरातनं शिक्षक गाड्या भरभरून बघायला यायचे, आम्ही तर घरचेच. बघितलं तर पोरं जमिनीवर गटागटानं बसलेली, फळे खाली त्यांच्या हाताला येतील असे, आणि बाई कुठं आहेत ते शोधावं लागतंय. भारावून परत आलो. लोकवर्गणी काढली, ऑइलपेंट आणला, दोन रविवार घालवून सगळी फरशी रंगवली. चौकटी, अंक, बाराखडी, साप. फोटो पेपरात आला.

फरशी बदलली, मी नाही बदललो. पोरगं पाचच्या चौकटीत उभं राहायच्या आत मीच ओरडायचो, "अरे पुढची, पुढची!" हे मला माझ्या सहकारी बाईंनी दाखवलं, तेही हसत हसत, म्हणून पचलं. मग आम्ही दोघांनी ठरवलं की आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना पत्रकं नेतोच आहोत, सोबत दोन मुलांच्या वह्याही न्यायच्या आणि चहाच्या वेळी चार जणांत बसून नुसत्या वाचायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. माझं खरं डी.एड. तिथं झालं, वय वर्षे पन्नास.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: इथं राहून होतं, पण एकट्यानं होत नाही. शेजारी कुणीतरी लागतं. तिथं जाणार असाल तर शाळेचं नाव, इमारत, साहित्य काही विचारू नका. सहा महिने तुमच्यासोबत रोज बसणार कोण, आणि ती बाई मध्येच सोडून तर जाणार नाही ना, एवढं विचारा.

डहाणूची

चिंचोके वाचून राहवलं नाही. मी बालवाडीत काम करते, कोसबाडपासून जवळच. तुम्ही ज्या भागात जाताय तिथं हे नवीन नाही हो! बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्यासोबत. मुंबईत चालणारी माँटेसरीची महागडी साधनं इथं कुठून आणणार? मग बिया, शंख-शिंपले, पानं, खडे. मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. त्याही आधी भावनगरला ताराबाई ज्यांच्याकडे हे शिकल्या ते गिजुभाई बधेका मुळात वकील. तेव्हा डी.एड.नं बिघडवलं म्हणून फार मनाला लावून घेऊ नका.

एक मात्र सांगते. पाड्यावरची मुलं घरी वारली बोलतात. पहिले दोन महिने तुम्हाला 'दिसणार' कमी आणि 'वाटणार' जास्त. जेवणाच्या वेळी मुलांमध्ये बसा, कान तयार होतो. आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जास्तीचे न्या.

सोलापूरकर

गणित शिकवतो, त्यामुळे त्या ७२ वर बोलल्याशिवाय जाणार नाही. त्या मुलानं कानाला ऐकू आलं ते लिहिलं. सत्ता-वीस. आधी सात, मग वीस. डावीकडून लिहीत गेलं की ७२ च होणार. आमच्याकडे कानडी घरातली मुलं आहेत, त्यांचं 'इप्पत्तेळु', म्हणजे वीस-सात. तेलुगू घरातली 'इरवै येडु' म्हणतात, तेही वीस-सातच. ज्या क्रमानं बोलायचं त्याच क्रमानं लिहायचं. ही मुलं घरच्या भाषेत बरोबर लिहितात आणि मराठीत आली की उलटी करतात. पहिली दोन वर्षं मीही त्यांना ढ समजत होतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं, तेव्हा किती खिल्ली उडाली आठवतंय? मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या बिचाऱ्या शांतपणे समजावत राहिल्या. जुने शब्द काढलेले नव्हतेच, दोन्ही होते. पण व्हॉट्सॅपवर पुस्तक कोण उघडतंय.

जा तुम्ही. आणि तोवर घरातल्या एखाद्या पोराला 'एकोण'वाले आकडे घालून बघा.

टाचणवही

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गुरुजी, तुमचा प्रश्न ताईंना फोन करून विचारला. त्या हसल्या, म्हणाल्या दोन वर्षं तरी हलत नाही. पप्पांना १६,००० चा आकडा दाखवला तर ते गप्प झाले, म्हणजे हो म्हणाले असं नाही. पुस्तकं नेणार आहे.

सोलापूरकर, काल भाच्याला बसवलं, तिसरीत आहे. एकोणऐंशी लिही म्हटलं. त्यानं ८९ लिहिलं. तोंडावर आलेलं "चूक" गिळलं आणि विचारलं, कसं रे काढलंस? म्हणाला, "एकोण असलं की शेवटी नऊ येतोच. आणि ऐंशीचा आठ." मी म्हटलं, मग एकोणनव्वद? त्यानं ९९ लिहिलं, स्वतःच बघत बसला, आणि म्हणाला, "पण हे तर नव्याण्णव आहे."

हे सगळं त्याच्याच शब्दांत वहीत उतरवलंय. पुढं काय विचारायचं ते मात्र सुचलं नाही, तोवर तो क्रिकेटला पळाला. तुम्ही काय विचारलं असतं?