मेकॅनिकल सीलचे फेस लॅप करायला कुठली पावडर घ्यावी?

बोईसर_फिटर: मंडळी, सल्ला हवाय. केमिकल पंपांची सील, म्हणजे फिरत्या शाफ्टजवळ गळती थांबवणाऱ्या, एकमेकांवर टेकणाऱ्या दोन फेसच्या जोड्या, रिकंडिशन करायचं काम हाती घेतोय. फेस लॅप करायचे, म्हणजे बारीक पावडरने घासून सपाट करायचे. एक फेस टंगस्टन कार्बाइडचा, समोरचा कार्बनचा. बीडाची लॅपिंग प्लेट आहे. दुकानदार हिरवी सिलिकॉन कार्बाइड पावडर गळ्यात मारतोय, म्हणे सगळ्याला चालते. घेऊ का?

लॅपवाला_भोसरी: दादा, टंगस्टन कार्बाइडवर ती घासत बसाल तर दिवस जाईल. सरळ डायमंड पेस्ट घ्या. चरे खोल असतील तर १५ मायक्रॉन, मग ६, शेवटी ३. ट्यूबची किंमत बघून दचकू नका, एका वेळी मुगाएवढीच लागते. प्रत्येक ग्रेड बदलताना फेस आणि हात रॉकेलने स्वच्छ धुवा. १५ चा एक कण जरी ३ च्या प्लेटवर गेला तरी आख्खा फेस परत करावा लागतो.

कार्बनला मात्र सुटी पावडर अजिबात लावू नका. तो मऊ, कण त्यात रुततात आणि पंप चालू झाला की समोरच्या फेसला खातात. काचेवर बारीक लॅपिंग फिल्म (कण पक्के बसवलेला पातळ प्लास्टिक कागद) चिकटवा, हलक्या हाताने इंग्रजी आठासारखा फिरवा. ती काच दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

टूलरूम_काका: डायमंडला माझंही मत. फक्त खरेदी करताना नुसतं '४०० दे' म्हणू नका, मायक्रॉन विचारा. पेपरवरचा पी ४०० म्हणजे साधारण ३५ मायक्रॉन, सुट्या पावडरीचा एफ ४०० म्हणजे १७ च्या आसपास. दुकानात हा घोळ रोजचा.

आणि पेस्टच्या आधी ऑप्टिकल फ्लॅट घ्या बुवा! ही अगदी सपाट काच फेसवर ठेवली की उजेडात पट्ट्या दिसतात, त्यावरून सपाटपणा कळतो. आरशासारखा चमकणारा फेससुद्धा गळतो. हेलियमच्या उजेडात एक पट्टी म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन. सीलच्या फेसचा सपाटपणा दोन-तीन पट्ट्यांच्या आत ठेवा. पट्ट्या वाकड्या दिसल्या तर आधी प्लेट तपासा. ती मधे खोल झाली असेल तर फेस फुगीरच येणार, पावडर कुठलीही असो.

बोईसर_फिटर: धन्यवाद काका, भाऊ. काही सेटमध्ये पांढरा सिरॅमिक फेस येतो, त्याला?

लॅपवाला_भोसरी: तो अॅल्युमिनाच असतो बहुतेक, त्यामुळे तो अॅल्युमिनाच्या पावडरीला दाद देणार नाही. त्यालाही डायमंडच. हिरवी पावडर पाव किलो घ्याच पण, स्टीलच्या व्हॉल्व्ह सीटला कामी येईल.