ट्विस्टर हा खेळ आला कुठून आणि तो इतका का रंगतो?

कोथरूडकर:
आमच्या सोसायटीत यंदाच्या कोजागिरीला कोणीतरी ट्विस्टरची रंगीत वर्तुळांची चटई आणली आणि अंताक्षरी बाजूला ठेवून शाळकरी मुलांपासून त्यांच्या आई-वडिलांपर्यंत सगळे तिच्यावर ओणवे झाले. ज्यात गुण नाहीत की डावपेच नाहीत, असा हा खेळ आला कुठून आणि तो इतका का रंगतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेठकर:
हा खेळ अमेरिकेतला. मिनेसोटातील रेन गायर वडिलांच्या व्यवसायात असताना बूट पॉलिशच्या जाहिरातीसाठी एक योजना आखत होते. त्यातून माणसांनीच सोंगट्या व्हावे, ही कल्पना त्यांना सुचली. चार्ल्स फोली आणि नील रेबन्स यांनी तिला आजचे रूप दिले आणि १९६९ मध्ये मंजूर झालेले पेटंटही या दोघांच्याच नावावर आहे. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९६६ मध्ये खेळ बाजारात आणला, तेव्हा स्त्री-पुरुषांनी चारचौघांत इतके जवळ येणे अनेकांना अशोभनीय वाटले आणि सीअर्ससारख्या मोठ्या विक्रेत्याने त्याला आपल्या कॅटलॉगमध्ये जागा नाकारली. मात्र ३ मे १९६६ रोजी सूत्रसंचालक जॉनी कार्सन आणि अभिनेत्री इव्हा गॅबॉर दूरचित्रवाणीवर तो खेळले आणि मागणी एकदम वाढली.

मला त्या आक्षेपातच आकर्षणाचे मूळ दिसते. एरवी जिन्यात केवळ मान हलवून पुढे जाणारे शेजारी इथे एकमेकांच्या हाताखालून पाय सरकवतात, आणि ते हात-पाय कुठे ठेवायचे हे सांगणाऱ्या फिरत्या काट्याच्या आज्ञेने होत असल्यामुळे कोणालाच संकोच वाटत नाही.

खेळप्रेमी:
पेठकरांशी सहमत आहे. परंतु डावपेच नाहीत, हे मला मान्य नाही. चटईवर चार रंगांची प्रत्येकी सहा, म्हणजे २४ वर्तुळे असतात. कोणता हात किंवा पाय कोणत्या रंगावर ठेवायचा हे चकतीवरचा काटा ठरवतो, पण त्या रंगाचे कोणते वर्तुळ धरायचे हे खेळाडूच्या हाती असते. जवळचे सोपे वर्तुळ सोडून प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यातले धरले, तर त्याला आपल्या वरून किंवा खालून वाट काढावी लागते, आणि त्यात गुडघा किंवा कोपर टेकले की तो बाद होतो. लंगडीत दम आणि चपळाई लागते; इथे अवघडलेल्या स्थितीत शांत राहावे लागते.

निवृत्त शिक्षिका:
ज्येष्ठांना काटा फिरवण्याचे काम अवश्य द्यावे. दोघे एकाच वर्तुळावर पोहोचले, तर आधी कोण आले याचा निर्णय काटा फिरवणाऱ्या पंचालाच द्यायचा असतो. चपला-बूट काढूनच खेळावे आणि गुळगुळीत फरशीवर चटईची चारही टोके चिकटपट्टीने पक्की करावीत.